मेबॅक की मायबाख? : उद्यमनगरातल्या प्रकल्प नोंदी

२० जुलै, रविवार

काल रात्री तालमीत बैठक झाली. नवरात्रात खालच्या हॉलमध्ये काहीतरी मांडायचं, हा दरवर्षीचा शिरस्ता. गेल्या वर्षी जुने फोटो होते, त्याआधी नाणी. यंदा भाच्यानं विषय टाकला : दसऱ्याला कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची जी मेबॅक मोटार दसरा चौकात येते, तिच्या कंपनीचा इतिहास. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग कोपऱ्यातून एकजण म्हणाला, "पण ती कंपनी आता हाय कुठं?" आणि चहा येईपर्यंत कुणीच बोलेना. अख्खं गाव त्या गाडीचे फोटो काढतं, पण तिच्या मुळाशी कुणी गेलेलं नाही. मीही नाही.

वाटणी अशी झाली. भाचा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्यानं वाचायचं आणि फलकांचा मजकूर लिहायचा. मी लाकडाचं बघायचं. तीस वर्षं फौंड्रीची पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लागणारे लाकडी नमुने, करतोय, पण त्यांचं नशीब असं की ओतकाम झालं की लाकूड अडगळीत जातं आणि लोखंड जगभर फिरतं. लाकूडच मांडायचं, असं काम पहिल्यांदाच मिळालंय.

एक गोष्ट लगेच ठरवून टाकली. आपल्या दसऱ्याच्या गाडीची प्रतिकृती करायची नाही. ती लोकांनी डोळ्यांनी पाहिलेली आहे. मडगार्ड एक सूत इकडं-तिकडं झालं तरी कोल्हापूरकर सोडणार नाही.

२७ जुलै, रविवार

पाऊस थांबायला तयार नाही. पाईनची फळी दोन दिवसांत फुगून पिळली, म्हणून जुनं सागवान काढलं.

भाच्यानं आज माहितीची पहिली खेप आणली. सुरुवातीलाच म्हणाला, "मामा, ते मेबॅक नाही, मायबाख आहे. जर्मन उच्चार." मी म्हटलं, गावात मेबॅक म्हणतात, मेबॅकच लिही. त्यावर अर्धा तास गेला. तूर्त असं ठरलं की आपल्या गाडीला मेबॅक आणि कंपनीला मायबाख म्हणायचं.

या नावाच्या मोटारी एकदा नाही, दोनदा संपल्या. पहिल्यांदा १९२१ ते १९४० च्या आसपास, सगळ्या मिळून साधारण १,८०० गाड्या. दुसऱ्यांदा २००२ ते २०१२, साधारण ३,०००. आज एखादा मोठा कारखाना आठवड्याभरात काढेल तेवढा आकडा या नावानं दोन जन्मांत मिळून गाठला नाही. भाच्याला यात अपयश दिसतं. मला अजून काही म्हणायचं नाही, आधी इंजिन बघू.

५ ऑगस्ट, मंगळवार

आज दुकानात काम कमी होतं. बसून विल्हेल्म मायबाखबद्दल वाचलं. माणूस मनात भरला.

जन्म १८४६ चा, हाइलब्रॉन गावचा. दहाव्या वर्षी आई-बाप दोन्ही गेलेले. रॉइटलिंगेन इथल्या एका अनाथाश्रमात वाढला. आश्रमाचं स्वतःचं वर्कशॉप होतं, तिथं ड्रॉइंग शिकला. पुढं त्या वर्कशॉपवर गोटलीब डाइमलर साहेब म्हणून आला आणि त्यानं हे पोरगं हेरलं. तिथून डाइमलर मरेपर्यंत ही जोडी. कानश्टाटमधल्या डाइमलरच्या बागेतल्या खोलीत दोघांनी वेगानं फिरणारं छोटं पेट्रोल इंजिन केलं, आणि १८८५ ला ते लाकडी चौकटीच्या दुचाकीवर बसवलं. लाकडी चौकट! हे भाच्याला दोनदा वाचून दाखवलं.

पेट्रोलचा फवारा करणारा कार्बोरेटर विल्हेल्मचा. मधाच्या पोळ्यासारखा जाळीचा रेडिएटर त्याचा. १९०१ च्या सुमारास रस्त्यावर आलेली पहिली मर्सिडीज, ३५ अश्वशक्तीची, तीही त्यानंच आखलेली. नाव मात्र गाड्या विकणाऱ्या येलिनेकच्या मुलीचं. फ्रेंच लोक त्याला 'रचनाकारांचा राजा' म्हणत. डाइमलर १९०० मध्ये वारला, मग कंपनीत राजाची किंमत घसरत गेली. १९०७ ला तो बाहेर पडला, एकसष्टाव्या वर्षी.

आणि आता आजची तारीख. ५ ऑगस्ट १९०८. काउंट झेपेलिनचं एलझेड ४ हे हवाई जहाज, म्हणजे हलक्या वायूवर तरंगणारं अवाढव्य जहाज, इंजिनाच्या बिघाडामुळं एश्टरडिंगेनजवळ उतरलं होतं. वादळ आलं, जहाज सुटलं आणि जळून खाक झालं. जर्मन जनतेनं वर्गणी काढून म्हाताऱ्या काउंटला साठ लाखांहून जास्त मार्क दिले. वर्गणी म्हटल्यावर तालमीतले सगळे कान टवकारून ऐकत होते. विल्हेल्मनं काउंटला कळवलं की हवेत चालायला वेगळं इंजिन लागतं आणि ते माझा मुलगा करील. १९०९ मध्ये बिसिंगेनला कंपनी निघाली, १९१२ ला ती झेपेलिनच्या गावी, बोडेन सरोवराच्या काठी फ्रीड्रिशहाफेनला गेली. मुलाचं नाव कार्ल.

म्हणजे ही कंपनी मोटारींसाठी निघालीच नव्हती. फलकावर हे पहिल्या ओळीत यायला हवं. भाच्याच्या मसुद्यात पहिली ओळ "आलिशान मोटारींच्या दुनियेतील एक चमकता तारा" अशी होती. खोडली.

१० ऑगस्ट, रविवार

मोटारी आल्या कशा, हे आज उलगडलं. पहिलं महायुद्ध जर्मनी हरली आणि १९१९ च्या व्हर्सायच्या तहानं विमानांची इंजिनं करायला बंदी आली. कारखाना आहे, कारागीर आहेत, काम नाही. उद्यमनगरात हे वेगळं समजावून सांगायला नको. गिऱ्हाइकानं ऑर्डर काढून घेतली की दुसऱ्या दिवशी माणूस काय करतो? हातात आहे त्या मशीनवर जमेल ते करतो. कार्लनं मोटारीचं इंजिन केलं. हॉलंडच्या स्पायकर कंपनीनं त्याची मोठी ऑर्डर दिली आणि पुढं तिलाच पैसे झेपेनात. तयार इंजिनं पडून. मग कार्लनं स्वतःचीच गाडी काढली.

१९२१ च्या बर्लिन प्रदर्शनात ती मांडली. नाव डब्ल्यू ३. सहा सिलिंडर, चारही चाकांना ब्रेक, आणि गिअर जवळजवळ नाहीतच. इंजिनाला खालच्या वेगातच एवढा जोर की सपाटीला सरळ चालवायची, चढ आला तरच दुसरी गती. भाच्याला म्हटलं, आकडा स्वतः काढ. बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ९५ मिलिमीटर, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव १३५, सहा सिलिंडर. त्यानं वहीवर मांडलं : ५,७४१ घनसेंटिमीटर. पुस्तकात ५.७ लिटर आहे. त्याचा चेहरा असा खुलला की जणू इंजिन त्यानंच केलंय.

बॉडी मात्र मायबाखची नसायची. कंपनी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, आणि इंजिन द्यायची, वरचा साज गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कारागिराकडून करून घ्यायचं. बहुतेक गाड्या जवळच्याच राव्हेन्सबुर्गच्या हर्मान श्पोनकडे जायच्या. आपल्याकडं ट्रकची चासी कंपनीची आणि बॉडी बिल्डरची, तसंच म्हणा, फक्त आत मखमल.

१७ ऑगस्ट, रविवार

व्ही-१२ चं, म्हणजे व्ही आकारात दोन रांगांत बारा सिलिंडर असलेल्या इंजिनाचं, लाकडी काम सुरू. कागदावर वाचलेल्यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच आहे, तेव्हा मोठं मॉडेल हिचंच. प्रमाण एकास चार. खरं इंजिन 'झेपेलिन डीएस ८' या गाडीचं, १९३१ चं : बोअर ९२, स्ट्रोक १००, बारा सिलिंडर. गुणाकार ७,९७७, म्हणजे आठ लिटर. ताकद २०० अश्वशक्ती. माझ्या मॉडेलात बोअर २३ मिलिमीटर, स्ट्रोक २५. पिस्टन शिसवीचे, लेथवर घेतले. एका बाजूची भिंत उघडी ठेवलीय, आतले सहा दिसतात.

भाच्यानं ब्लॉकच्या दोन्ही बाजू ९० अंशांत आखून ठेवल्या होत्या. व्ही म्हटलं की काटकोन, असं त्याच्या डोक्यात. बारा सिलिंडरला ६० अंश. दोन फेऱ्यांत बारा ठोके, म्हणजे प्रत्येक ठोक्याला ६० अंश वाट्याला येतात, हे क्रँकवर बोट फिरवून दाखवलं तेव्हा पटलं. दोन तुकडे सागवान वाया गेलं. त्याच्या मामीनं ते चुलीसाठी नेलं, म्हणजे अगदीच वाया नाही.

गाडीला झेपेलिन नाव उगाच नव्हतं. बंदी सैल झाल्यावर कार्ल पुन्हा हवाई जहाजांच्या इंजिनांकडं वळला. १९२९ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या 'ग्राफ झेपेलिन' जहाजाला पाच मायबाख इंजिनं होती, तीही व्ही-१२, प्रत्येकी ५५० अश्वशक्तीची. ती पेट्रोलवर चालायची आणि ब्लाऊ गॅस नावाच्या वायूवरही. या वायूचं वजन हवेएवढंच. पेट्रोल जळेल तसं जहाज हलकं होऊन वर जायला लागतं, वायू जळला तर त्याच्या जागी हवा येते आणि जहाज आहे तिथंच राहतं. तासभर मी रंधा बाजूला ठेवून हाच विचार करत होतो.

गाडी मात्र चांगलीच जड. मोठ्या बॉडीची, माणसं भरलेली झेपेलिन साडेतीन टनांवर जायची आणि जर्मनीत ती चालवायला ट्रकचं लायसन लागायचं. श्रीमंताच्या ड्रायव्हरला ट्रकचं लायसन! हे वाक्य फलकावर मोठ्या अक्षरात घेतलंय, कारण शाळेची पोरं हेच वाचणार.

पुढं थोडी आटोपशीर गाडी आली, एसडब्ल्यू ३५, ३८ आणि ४२. नाव म्हणजे हलत्या अर्ध-ॲक्सलची गाडी आणि पुढं लिटरचा आकडा. स्टिअरिंगवरच्या लिव्हरनं गिअर निवडायचा आणि व्हॅक्यूमच्या जोरावर तो पडायचा.

२६ ऑगस्ट, मंगळवार

उद्या गणपती. भाचा मंडपात, मी आरासीच्या फळ्या कापतोय. प्रकल्प बंद.

७ सप्टेंबर, रविवार

मिरवणुकीनं कान अजून बंद आहेत. जरा हळू काम घेतलं, फलक वाचायला बसलो.

युद्धाच्या भागावर आमचं पटेना. भाच्याला तो भाग वगळायचा होता, "आलिशान गाडीत रणगाडा कशाला?" म्हणून. मी म्हटलं, ठेवायचाच. मोटारी बंद पडल्या त्याच कारणानं. हिटलरच्या सैन्याच्या टायगर आणि पँथर रणगाड्यांची इंजिनं मायबाखची होती. एचएल २३० म्हणजे २३ लिटरचं, व्ही-१२, ७०० अश्वशक्ती. महागड्या मोटारी घेणारी माणसं १९२९ च्या मंदीनंतर आधीच कमी झाली होती, सरकारी ऑर्डर आली तशी मोटार मागं पडली आणि पुन्हा पुढं आली नाही. १९४४ च्या बॉम्बहल्ल्यांत फ्रीड्रिशहाफेन भाजून निघालं. युद्ध संपल्यावर कार्लला काही वर्षं फ्रेंचांसाठी काम करावं लागलं. कारखाना पुढं रेल्वे आणि जहाजांच्या डिझेल इंजिनांवर जगला. १९६० मध्ये कार्ल वारला, त्याच वर्षी मर्सिडीज करणाऱ्या डाइमलर-बेंझनं कंपनीत हिस्सा घेतला.

हे सगळं एका फलकावर लिहिलं, कोणतंही विशेषण न घालता. तसंच बरं.

१४ सप्टेंबर, रविवार

आज माझी चूक झाली. लिहून ठेवतो, नाहीतर भाचा रंगवून सांगेल.

दुसऱ्या जन्मातली गाडी करायला घेतली. मायबाख ५७ आणि ६२ या दोन गाड्यांच्या नावातच मापं आहेत, ५.७ मीटर आणि ६.२ मीटर लांबी. एकास दहा प्रमाण धरलं की ६२ ची लांबी बरोबर ६२ सेंटिमीटर. इतकं सोपं काम मला आयुष्यात मिळालं नव्हतं. दोन चाकांमधलं अंतर ३.८२७ मीटर, म्हणजे ३८ सेंटिमीटर आणि वर थोडं. ठोकळा कापला, आकार दिला, घासला. भाच्यानं सहज पट्टी लावली. "मामा, साडेबासष्टच्या वर भरतंय ओ."

मी आखणी श्रिंकेजच्या पट्टीनं केली होती. बीडाचं ओतीव थंड होताना मीटरला सुमारे दहा मिलिमीटर आकसतं, म्हणून पॅटर्नवाल्याची पट्टी मुळातच तेवढी मोठी असते. तीस वर्षं तीच हातात, खिशात, डोक्यात. लाकडाची गाडी लाकडाचीच राहणार आहे, ती आकसणार नाही, हे हाताला कळलंच नाही. सहा मिलिमीटर मागच्या बंपरमधून काढले. डिकी किंचित आखूड दिसते. जाणकारानं विचारलं तर भाच्याकडं बोट दाखवीन.

या गाडीची गोष्ट मला पहिल्या गाडीएवढी भावली नाही, तरी ऐकण्यासारखी आहे. १९९७ च्या टोकियो प्रदर्शनात मर्सिडीजनं मायबाख नावाचा नमुना मांडला. दुसऱ्या वर्षी रोल्स-रॉइस आणि बेंटली विकायला निघाल्या आणि फोक्सवॅगन-बीएमडब्ल्यूची झोंबाझोंबी झाली. एकाला कारखाना आणि बेंटली मिळाली, दुसऱ्याला रोल्स-रॉइसचं नाव. मर्सिडीजवाल्यांनी आपल्या घरातलंच जुनं नाव धूळ झटकून बाहेर काढलं. २००२ च्या उन्हाळ्यात पहिली ६२ काचेच्या पेटीत घालून क्वीन एलिझाबेथ २ या जहाजावरून न्यूयॉर्कला नेली आणि तिथं हेलिकॉप्टरनं उचलून बंदरावर उतरवली. आमच्याकडं नवी गाडी आणली की लिंबू आणि नारळ, तेवढ्यावर भागतं.

किंमत तीन लाख डॉलरच्या पुढं. साडेपाच लिटरचं दोन टर्बोचं व्ही-१२, ५५० अश्वशक्ती. मागच्या सीटवर पाय पसरून झोपता येईल एवढी जागा. वर्षाला हजारभर खपतील असा हिशेब होता. शेवटी शेवटी खप दोनशेच्या आसपास आला. २०११ मध्ये बंद करायचं जाहीर झालं आणि २०१२ च्या डिसेंबरात शेवटची गाडी निघाली.

का चालली नाही, यावर भाच्याची सहा कारणं आहेत. माझं एकच. बीएमडब्ल्यूनं रोल्स-रॉइस फँटम कोऱ्या कागदावरून आखली, ती लांबूनही ओळखू येते. मायबाखच्या खाली मर्सिडीजच्या जुन्या एस-क्लास या मोठ्या गाडीचा पाया होता, इंजिन मर्सिडीजचं, आणि समोरून बघितली तर थोरल्या भावाचे कपडे घातलेली एस-क्लासच. पहिल्या जन्मात इंजिन मायबाखचं होतं आणि बॉडी दुसऱ्याची, तरी गाडी मायबाख होती. दुसऱ्या जन्मात बॉडी कंपनीतच झाली आणि इंजिन राहिलं नाही. हे फलकावर लिहायला भाचा तयार नाही, "हे मत झालं मामा" म्हणतो. मग खाली लिही की हे मामाचं मत आहे.

२१ सप्टेंबर, रविवार

दोन एमची खूण ओतली. एका एममध्ये दुसरा एम गुंतलेला, वाटोळ्या त्रिकोणी चौकटीत. मायबाख-मोटोरेनबाऊ या नावाची आद्याक्षरं. शेजारच्या फौंड्रीतल्या अण्णांनी संध्याकाळच्या शेवटच्या हीटमधलं, म्हणजे वितळवलेल्या खेपेतलं, उरलेलं ॲल्युमिनियम दिलं. पहिल्या वेळी आतल्या कोपऱ्यातली वाळू पॅटर्नबरोबर उचकटून आली, कारण मी पॅटर्नच्या कडांना उतार कमी ठेवला होता. एमच्या पोटात जागाच नसते. कोपरे फाईलनं मारले, पॅटर्नला फ्रेंच चॉक लावली, दुसरं ओतीव स्वच्छ निघालं. आणि हो, या वेळी श्रिंकेजची पट्टी वापरणं बरोबर होतं.

अण्णांनी विचारलं, मग ती मूळची इंजिनाची कंपनी मेली का? नाही मेली. १९६९ मध्ये तिचं नाव एमटीयू झालं, फ्रीड्रिशहाफेनमध्येच. जहाजं, रेल्वे, जनरेटर यांची इंजिनं ती अजून करते. मालक कोण, तर २०१४ पासून पूर्णपणे रोल्स-रॉइस. मोटारवाली रोल्स-रॉइस नव्हे, ती बीएमडब्ल्यूची. विमानांची इंजिनं करणारी ब्रिटिश कंपनी. म्हणजे मायबाखचं नाव ज्या रोल्स-रॉइसशी झुंजून हरलं, तिच्या नाववाल्या भावाच्या घरात मायबाखचा कारखाना सुखानं नांदतोय. अण्णा हसून लोटपोट झाले. "म्हणजे नाव एकीकडं दिलं आणि लेक दुसरीकडं!"

मग थोडे गप्प झाले. त्यांच्या फौंड्रीतून निघणारे ब्लॉक कुठल्या कुठल्या गाड्यांत जातात, त्यावर त्यांचं नाव कधीच नसतं.

२८ सप्टेंबर, रविवार

प्रदर्शन सुरू होऊन सहा दिवस झाले. गर्दी बेताची, पण अंबाबाईच्या दर्शनाला आलेली बाहेरगावची माणसंही डोकावतात. इंजिनाचा क्रँक हातानं फिरवायची सोय ठेवलीय, त्यामुळं पोरं तिथून हटत नाहीत. एक पिस्टन कालच सैल झाला.

दोन एमच्या खुणेवर एक आजोबा म्हणाले, "महिंद्रा अँड महिंद्रा का?" भाच्यानं तोंड फिरवून हसू दाबलं. एका बाईंनी शेवटचा फलक नीट वाचून विचारलं, "मग आता रस्त्यावर दिसते ती मायबाख कुठली?" प्रश्न रास्त. २०१४ च्या शेवटी नाव परत आलं, पण स्वतंत्र कंपनी म्हणून नाही, 'मर्सिडीज-मायबाख' म्हणून, लांब आणि जास्त सजवलेली एस-क्लास. इकडं चाकणलाच तिची जुळणी होते. जी गोष्ट आधी लपवली तीच उघड नावात घातली आणि गाड्या खपायला लागल्या.

फलकावरच्या नावाचा वाद शेवटी गिऱ्हाइकांनी मिटवला. मायबाख वाचून लोक विचारायचे, "ही कुठली? आपली मेबॅक कुठाय?" आज सकाळी भाच्यानं स्वतःच मथळ्यावर कागद चिकटवला : मेबॅक.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

दुपारपासून दसरा चौकात. गर्दीत भाच्याला म्हटलं, गाडी आली की इंजिनाचा आवाज ऐक, किती सिलिंडर ते कानानं कळतं का बघू. मेबॅक आली. आजूबाजूच्या सगळ्यांनी हात वर केले, मला गाडीपेक्षा मोबाईलच जास्त दिसले. आवाज काही ऐकू आला नाही, वाजंत्री, घोषणा, घोडे. पालख्या, शमीपूजन, सलामी, आणि सोनं लुटायला जी झुंबड उडाली त्यात माझी एक चप्पल गेली.

परत येताना भाचा म्हणाला, "मामा, पुढच्या वर्षी सायलेन्सरच्या बाजूला उभं राहूया."

घरोघरी सोनं देऊन रात्री दुकानात गेलो, हॉलमधलं सामान आणून ठेवलं. व्ही-१२ भाच्याच्या कॉलेजच्या लॅबला द्यायचं ठरलंय, आधी तो सैल पिस्टन बसवायला हवा. ६२ माझ्या कपाटावर. ओतलेले दोन एम सापडेनात. सगळीकडं शोधलं. शेवटी बाहेर येऊन बघतो तर माझ्या जुन्या मोपेडच्या हँडलपुढं बसवलेत, दोन स्क्रूंनी, तेही वाकडे. उद्या सरळ करतो.